विरोधाचे दोनशे शब्द

२९ जुलै, मंगळवार

दुपारी ग्वेंडाचा फोन आला. ती काउंटीच्या निवडणूक कचेरीत असते. तीस वर्षांपूर्वी माझ्या वादविवादाच्या वर्गात होती, तेव्हाही प्रत्येक बोलणं "मिसेस हॉव्हलंड, एक अडचण आहे" असंच सुरू करायची. आजही तेच.

अडचण अशी. नोव्हेंबरात बसचा ठराव मतदानाला येतोय. दहा डॉलरच्या खरेदीवर दोन सेंट विक्रीकर, आणि त्यावर काउंटीतल्या तिन्ही गावांना जोडणाऱ्या बस पुढची दहा वर्षं धावणार. आत्ताचा कर डिसेंबरअखेर संपतो. मतदारांना घरपोच जाणाऱ्या पुस्तिकेत ठरावाच्या बाजूचं एक आणि विरोधाचं एक अशी दोन निवेदनं छापायची, हा आमच्याकडचा नियम. बाजूने लिहायला चौघं धावत आले. विरोधात लिहायला चिटपाखरू नाही.

"मग सोड की ते पान कोरं," मी म्हटलं.

"कोरं बरं दिसत नाही हो. लोक म्हणतील, कचेरीनेच दाबलं. आणि लिहिणारा माणूस धड हवा. मागे शाळेच्या कराला विरोध करताना त्या गृहस्थांनी अर्धं पान उडत्या तबकड्यांवर लिहिलं होतं, आठवतंय ना?"

"अगं, पण मी बसच्या बाजूची आहे."

"तुम्हीच नाणं उडवून आम्हाला बाजू द्यायचात! म्हणायचात, ज्याला स्वतःच्या विरुद्ध बोलता येत नाही, त्याने मत आहे म्हणून मिरवू नये."

आपलंच वाक्य तीस वर्षांनी कुणी पाठ म्हणून दाखवलं की माणूस पाघळतो. मी हो म्हटलं.

अर्विडला सांगितलं. जन्मभर लाकडाचे ट्रक चालवलेला नवरा माझा, कमी बोलतो, पण बोलला की टोचतं. म्हणाला, "म्हणजे गॅस गळतोय का, ते तू काडी ओढून बघणार."

मी म्हटलं, तुला लोकशाही कळत नाही. तो म्हणाला, "वास कळतो."

९ ऑगस्ट, शनिवार

डेल्बर्ट हिरवळ कापायला आला होता. शनिवार चुकवत नाही. त्याला मी पंधराव्या वर्षी वाचायला शिकवलं, मग वादविवादाच्या वर्गातही बसवलं. इतर मास्तरांनी हात टेकले होते. आता सेहेचाळीसचा आहे. त्याला फिट येतात, त्यामुळे गाडी चालवायचा परवाना मिळत नाही. रोज सकाळी सहा दहाची १४ नंबरची बस धरून चौतीस मैलांवर हार्स्टेडला जातो, तिथल्या इस्पितळाच्या धुलाईघरात काम करतो. त्या नोकरीतल्या विम्यावर त्याच्या फिटच्या गोळ्या येतात. आई गेल्यावर तिच्याच घरात एकटा राहतो. तिची गुलाबाची झाडं त्याने अशी जपलीत की शहरातून लोक बघायला येतात.

बस कंपनीने जाहीर केलंय की ठराव पडला तर सगळ्यात आधी १४ नंबर बंद. हे मला ग्वेंडाच्या फोनच्या आधीपासून माहीत होतं. इथे लिहून ठेवते, नंतर स्वतःला फसवायला नको.

त्याला निवेदनाचं सांगावं असं मनात होतं. ओव्हनमधून काढलेली ॲपल पाय कापून दिली, डब्यात अर्धी बांधून दिली, आणि सांगितलं नाही. वर्गात माझा नियम असायचा: मतं पडेपर्यंत बाजू सोडायची नाही, आपलं खरं मत कुणाला कळू द्यायचं नाही. नाहीतर खेळाला अर्थ काय? तोच नियम इथे पाळायचा, असं ठरवलंय. ठरवल्यावर जरा बरं वाटलं, म्हणजे नियम सोयीचा असणार.

११ ऑगस्ट, सोमवार

लिहून झालं. शब्दांची मर्यादा दोनशे.

सुरुवातीला हात जड होता. मग एकदाची गाडी रुळावर आली. शंभरातले सहा जण बसने जातात, चौऱ्याण्णव जण पैसे भरतात. गिरणीचा मालक बुटांवर जेवढा कर देतो, तेवढाच विधवा बाई पोराच्या बुटांवर देते. बस दुपारी रिकाम्या धावतात, खिडक्यांतून मोजून बघा. सगळं खरं आहे. या प्रत्येकाला उत्तर आहे, तेही मला ठाऊक आहे; पण उत्तरं देणं समोरच्या बाजूचं काम.

शेवटी नऊ शब्दांची जागा उरली. जागा रिकामी सोडणं माझ्या स्वभावात नाही. लिहिलं: "स्वाभिमानी माणूस आपल्या वाटेचं भाडं शेजाऱ्याच्या खिशातून काढत नाही."

हा मुद्दा नव्हे. ही थोबाडीत आहे. वर्गात कुणी असं लिहिलं असतं तर मी लाल पेन्सिलीने गोल काढून दोन गुण कापले असते. वाक्य मात्र मोठ्याने वाचून बघितलं आणि काय सांगू, ठणठणीत वाजलं. ठेवलं.

संध्याकाळी पाठवूनसुद्धा दिलं. रात्री जेवताना अर्विडने विचारलं, "झालं?" म्हटलं, झालं. "चांगलं झालं?" म्हटलं, फारच. तो म्हणाला, "अरेरे."

१६ ऑक्टोबर, गुरुवार

पुस्तिका आली. आठव्या पानावर उजव्या बाजूला माझं निवेदन आणि खाली नाव: डॅग्नी हॉव्हलंड, निवृत्त शिक्षिका. एकटीचंच. समोर चौघांनी मिळून लिहिलेलं निवेदन बघून कीव आली. "सुदृढ समाजासाठी गतिमान भविष्य" म्हणे! चार डोकी बसली आणि एक वाक्य धड नाही. बसमध्ये माणसं बसतात याचा उल्लेखच नाही. मीच त्यांना लिहून द्यायला हवं होतं.

टपाल कचेरीत बंदुकीच्या दुकानाचा मालक भेटला. शाळेच्या प्रत्येक कराला आडवा गेलेला माणूस. हात पुढे करून म्हणाला, "बाई, बेचाळीस वर्षांत तुमचं पहिल्यांदा पटलं. ते शेवटचं वाक्य मी दुकानात चिकटवलंय."

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? घराच्या फाटकापर्यंतच टिकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

१८ ऑक्टोबर, शनिवार

डेल्बर्ट पन्हळीतली पानं काढायला आला. शर्टाच्या खिशात घडी घातलेली पुस्तिका.

"वाचलं, मिसेस हॉव्हलंड," तो म्हणाला. "दोन्ही बाजूंचं. तुम्ही सांगायचात तसं, बोट ठेवून."

"बरं."

"तुमचंच चांगलं आहे. त्या लोकांचं मला नीट कळलं नाही. तुमचं सगळं कळलं."

मी म्हटलं, "डेल्बर्ट, ते एक प्रकारचं..." आणि थांबले. मतपत्रिका कालच टपालाने घरोघर पोचल्यात. मतदान सुरू झालंय. आता खरी बाजू फोडली आणि उद्या कुणी म्हटलं की हॉव्हलंडबाईंनी मनात एक ठेवून दुसरंच लिहिलं, तर ग्वेंडाची नोकरी अडचणीत. हे कारण मला तिथल्या तिथे सुचलं. बरं कारण आहे. डेल्बर्टचा स्वभाव किती मोठा, हेच मनात आलं. ज्याच्या पोटावर मी पाय देतेय, तोच माझ्या लिहिण्याची तारीफ करतो आणि वर पन्हळ साफ करतो.

शिडी आवरताना त्याने विचारलं, "तुम्ही ते सहा जण मोजलेत का? शंभरातले?"

"काउंटीच्या अहवालात आहेत."

"मी त्यात आहे ना?"

"हो, तू आहेस," मी म्हटलं. त्याने मान हलवली आणि 'पाय'चा डबा घेऊन गेला. जाताना उगाच दोनदा आभार मानले.

२० ऑक्टोबर, सोमवार

मी आणि अर्विडने स्वयंपाकघरात मतपत्रिका भरल्या. दोघांनी 'हो'समोरचा गोल काळा केला. पाकिटावर सही करताना मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. गंमतच की, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्याच विरुद्ध मत दिलं.

अर्विड म्हणाला, "अंगणात पाटी लावूया. 'बसला हो.'"

"माझं नाव छापलेलं असताना? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बाईला अक्कल आली."

"चार तारखेनंतर मी स्वतः सगळ्यांना सांगणार आहे. मतं पडेपर्यंत नाही."

"मतं पडल्यावर सांगून काय त्याचं लोणचं घालायचंय?" तो म्हणाला, आणि दोन्ही पाकिटं घेऊन वाचनालयासमोरच्या पेटीत टाकायला निघून गेला. मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. तो बरोबर असला की मी बोलत नाही, हे त्याला माहीत आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार

डेल्बर्टने आज डब्यातली 'पाय' नेली नाही. भोपळ्याची होती, त्याची आवडती. म्हणाला, पोट भरलंय. पैसेही नेहमीपेक्षा कमी घेतले, म्हणाला काम अर्ध्या तासाचंच होतं. मी आग्रह केला तर ओशाळला.

मग सांगू लागला, "मी बसच्या ड्रायव्हरला विचारलं, एका माणसाच्या एका फेरीला खरा खर्च किती पडतो. त्याने कचेरीतून विचारून आणलं. अठरा डॉलर. मी दीड देतो."

"छान! अभ्यास करतोयस म्हणजे."

"हो. वीस वर्षं जातोय, कधी विचारलंच नव्हतं."

मला बरं वाटलं. माझ्या हातचा एक तरी विद्यार्थी आकडे तपासून बघतो. जाताना वाचनालयाकडून गेला, पाकीट टाकायचं होतं त्याला. खिडकीतून मी त्याची पाठ बघत होते. म्हटलं, एक मत तरी बसच्या खात्यात नक्की पडलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सव्वाआठला पहिली मोजणी आली. ठराव २१२ मतांनी पुढे! मी अर्विडला मिठी मारली. तो म्हणाला, "आपल्याच पराभवावर एवढी खूष झालेली बाई मी बघितली नव्हती." उरलेली टपालाची मतं पुढचे काही दिवस मोजतील, पण आता काय उलटतंय. तीन महिन्यांनी नीट झोपेन.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आघाडी ६४ वर आली. ग्वेंडा म्हणते, उशिरा येणारी मतं नेहमी कराच्या विरोधात असतात.

१२ नोव्हेंबर, बुधवार

नऊने मागे.

बंदुकीच्या दुकानातला तो मालक, त्याची गिऱ्हाइकं, गिरणीतली माणसं, डोंगरापलीकडची वस्ती: दिवसभर माणसं डोळ्यांसमोर आणते आणि विचारते, तुला मी पटवलं का? तुला? ते तसेही 'नाही'च म्हणणार होते, असं स्वतःला सांगते. मग कोण? कुंपणावर बसलेलं कुणीतरी असणार, शिकलंसवरलेलं, माझ्या भाषेला भुललेलं. त्या माणसाचा चेहरा मात्र दिसत नाही.

ग्वेंडाला फोन करून विचारलं, काही करता येतं का. म्हणाली, ज्यांच्या पाकिटावरच्या सह्या जुळल्या नाहीत त्यांना पत्रं गेलीत, त्यांनी येऊन सही केली तर मत धरतील. त्यातली बरीचशी 'हो'ची असू शकतात. "मी आणू का त्यांना गाडीतून?" मी म्हटलं. ती हळूच म्हणाली, "मिसेस हॉव्हलंड, तुम्ही विरोधाच्या निवेदनावर सही केली आहे. तुम्ही दार वाजवलंत तर ते दार उघडतील का?"

पोरगी हुशार होतीच.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

शेवटचा आकडा जाहीर. ठराव ३१ मतांनी पडला. एकतीस डिसेंबरला १४ नंबरची शेवटची फेरी.

सोळा माणसांनी मन बदललं असतं तर पुरलं असतं. सोळा तर मी एका सप्टेंबरात वर्गात बसवायचे.

अर्विडने आज टोमणा मारला नाही. सूप गरम करून दिलं. त्याने ते वाक्य उच्चारलं असतं, गॅसचं, तर मला बरं वाटलं असतं. रडले. आणि रडतानाही मनात आलं की निवेदन खरंच चांगलं होतं. लाज वाटते हे लिहायला, पण आलं.

६ डिसेंबर, शनिवार

डेल्बर्ट दोन शनिवार आला नाही. आज मीच गेले. अर्विड म्हणाला, बरोबर येऊ का. नको म्हटलं, जे भोगायचं ते एकटीने भोगावं.

अंगणात 'विकणे आहे'ची पाटी. आत खोकी. जेवणाच्या टेबलावर आईच्या बश्या मांडून तो एकेक वर्तमानपत्रात गुंडाळत होता. मला बघून खुर्चीवरची खोकी उचलली, हाताने खुर्ची पुसली.

"हार्स्टेडला खोली बघितली," तो म्हणाला. "धुलाईघराच्या मागेच. खिडकी आहे. कुंडी ठेवता येईल."

"आणि गुलाब?"

"ते जमिनीतले आहेत, मिसेस हॉव्हलंड."

मी ठरवून गेले होते तसं घडाघडा बोलले. घर विकू नकोस. मी रोज सोडेन तुला, पहाटे साडेपाचला दारात येईन, संध्याकाळी आणेन. माझी गाडी चांगली आहे, डोळे चांगले आहेत, निवृत्त बाई, मला काय उद्योग आहे?

त्याने मनातल्या मनात हिशेब केला. ओठ हलताना दिसले. "दिवसाचे एकशे छत्तीस मैल होतात. एका माणसासाठी. नाही हो. तुम्हीच लिहिलंत ना, असं करू नये म्हणून."

"डेल्बर्ट, मला माफ कर. माझ्यामुळे तुझी बस गेली."

तो खरोखर चकित झाला. "माफी कशाची? बरोबरच लिहिलं होतंत. मी बसमध्ये वाचून दाखवलं."

"काय?"

"सहा दहाच्या बसमध्ये. पुस्तिका आली त्याच्या दुसऱ्या दिवशी. बसमधल्या लोकांनी एरवी वाचलंच नसतं. मी म्हटलं, हे आमच्या मिसेस हॉव्हलंडनी लिहिलंय, ऐका. उभा राहून वाचलं. दोनशेच्या दोनशे शब्द." त्याचा चेहरा उजळला. "एकदाही अडखळलो नाही."

मी पुढची बशी त्याच्या हातात दिली.

"शेवटचं वाक्य वाचलं तेव्हा बस अगदी गप्प झाली," तो सांगत होता. "मग इस्पितळाच्या स्वयंपाकघरातली रोझेला म्हणाली, खरंच आहे, आपण कधी असा विचारच केला नाही. हार्स्टेड येईपर्यंत त्याच गोष्टी चालल्या होत्या. मला तर फार वाईट वाटलं. वीस वर्षं मी लोकांच्या खिशातून जातोय आणि वर ड्रायव्हरला रोज गुड मॉर्निंग म्हणतोय. म्हणून मी 'नाही'वर खूण केली. बऱ्याच जणांनी केली म्हणाले."

त्या दिवशी बसमध्ये किती जण होते, हे मी विचारलं नाही.

"तुझी बस जाणार, हे माहीत असून?"

"हो ना. आपल्याला सोयीचं तेच खरं मानू नये, हेही तुम्हीच शिकवलंत." त्याने एक बशी गुंडाळली, खोक्यात ठेवली. "मला वाटलं, तुम्हाला आवडेल."

इथे मी उठून जाऊ शकत होते. त्याला अभिमान होता आणि मी तो त्याच्याजवळ राहू देऊ शकत होते. तेच दयेचं झालं असतं, असं आत्ता लिहिताना वाटतंय. पण मला सहन होईना. मोकळं व्हायचं होतं ते मला.

"मी 'हो' म्हटलं, डेल्बर्ट," मी म्हणाले. "माझं मत 'हो' होतं. बसच्या बाजूने. पहिल्यापासून. विरोधात लिहायला कुणी नव्हतं, म्हणून कचेरीने मला सांगितलं. त्यातलं ते शेवटचं वाक्य तर मी जागा भरायला लिहिलं."

तो हातातल्या वर्तमानपत्राकडे बघत राहिला. पूर्वी अवघड शब्द आला की असाच बघायचा, आणि मी घाई करायची नाही.

"म्हणजे वर्गातल्यासारखं?" त्याने विचारलं. "नाणं उडवून?"

"हो. वर्गातल्यासारखंच."

"पण वर्गात आम्हाला ते ठाऊक असायचं, मिसेस हॉव्हलंड."

आवाज चढला नव्हता. चूक सापडली तर दाखवून द्यावी, असंच मी त्याला शिकवलं होतं. मी कोट घेतला आणि निघाले.